परबांनी पास केलंय का?

११ मार्च १९८७, बुधवार. सकाळी साडेसहाला मी साबणाचं पाणी आणि फडकं घेऊन जिन्याची भिंत पुसायला लागले. दहा वाजता म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या सिस्टर आमच्या इमारतीत येणार होत्या, आणि तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत भिंतीवर निळ्या पेन्सिलीने काढलेली एकोणतीस वर्तुळं होती.

प्रत्येक वर्तुळात एक दोष होता. एकात पोपडा, एकात तडा, एकात पानाची पिंक, एकात तर रंगाऱ्याच्या ब्रशचा रंगात अडकून सुकलेला एक केस. वर्तुळ पुसलं की दोष तसाच उरायचा, उलट आता तो माझ्याही डोळ्यांत खुपायला लागायचा. ही वर्तुळं काढणारे गृहस्थ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे गोविंद परब.

मी या इमारतीची सेक्रेटरी. घाटकोपरच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतली ही इमारत, सोळा बिऱ्हाडांची. सोळांतला एकही पुरुष सेक्रेटरी व्हायला तयार नव्हता. पोस्टाच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या बाईला लोकांची कटकट ऐकायची सवय असते, असं सगळ्यांचं एकमत झालं आणि दप्तर माझ्या घरी आलं. त्यामुळे परबही माझ्याच वाट्याला आले. तसे ते तक्रार कधी करत नाहीत. वर्तुळ काढतात आणि निघून जातात.

परब मूळचे कुडाळकडचे. परळच्या एका गिरणीत, फोल्डिंग खात्यात, ते कापड तपासायचे. समोर तिरकं टेबल, मागून दिवा, आणि टेबलावरून सरकत जाणारा तागा. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की निळ्या पेन्सिलीने गोल करायचा. वीसेक वर्षं त्यांनी तेच केलं. मग संप झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. आता ते असल्फ्याच्या एका गाळ्यात तयार शर्ट तपासतात. तिथे बटणं बघायची असतात, त्यात त्यांचं मन भरत नाही. उरलेली नजर ते घरी घेऊन येतात आणि आमच्यावर वापरतात.

“उजेडात धरा,” हे त्यांचं सगळ्या गोष्टींवरचं म्हणणं. कोथिंबिरीची जुडी, दुधाची पिशवी, लग्नाची पत्रिका, नळाचं पाणी, काहीही असो, आधी उजेडात धरा, मग बोलू. पहिल्या मजल्यावरच्या शिंद्यांच्या घरातल्या सासूबाईंनी गच्चीवर पापड वाळत घातले तेव्हा परबांनी वर जाऊन चार पापड बाजूला काढून त्यांच्यावर खडे ठेवले. म्हातारी दिवसभर बोलत होती. तळताना तेच चार फाटले, मग ती जास्तच बोलली. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. मुलगी चहा घेऊन आली. परबांनी कप उजेडात धरला आणि घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांदेखत सांगितलं, “मुलगी पास. कपबशा बदला.” लग्न झालं, नीट चाललं आहे. कपबशाही बदलल्या म्हणतात.

त्रास असा, की माणसाचं बरोबर निघतं. पाण्याच्या टाकीला केसाएवढी चीर आहे हे त्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. महिन्याभरात अर्ध्या इमारतीच्या छतांना ओल आली. शिंद्यांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत वार आणि तारीख जुळत नाही हे छपाईच्या आधी त्यांनीच पकडलं. त्यामुळे हळूहळू इमारतीला एक खोड लागली. कुणी मिक्सर आणला, जुना फ्रिज घेतला, मुलासाठी शिकवणी बघितली, की दुसरी बाई विचारायची, परबांनी पास केलंय का? लोक त्यांना हसायचे आणि त्यांना विचारल्याशिवाय काही घ्यायचेही नाहीत. मीही त्यातलीच. माझा प्रेशर कुकर त्यांनी दोनदा परत करायला लावला होता.

लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर परबांना मुलगी झाली. परब तेव्हा त्रेचाळिसांचे, सुमनताई अडतीसच्या. इमारतीतल्या बायका झबली-टोपडी घेऊन बघायला गेल्या. परबांनी प्रत्येक झबलं उलटं केलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, की शिवण आतल्या बाजूने टोचते, पोरीला हे उलटंच घालायचं. तेव्हापासून स्नेहल परब ही कन्या सगळे कपडे उलटे घालून वावरते. फुलं आत, शिवण बाहेर. परक्या माणसाला वाटतं आईला घाईत कळलं नसेल. सुमनताई कुणाला काही समजावत बसत नाहीत. त्या एकूणच कमी बोलतात. हसून मान हलवतात आणि कामाला लागतात.

फेब्रुवारीच्या शेवटी दवाखान्यातल्या कांबळे सिस्टर पोस्टात आल्या होत्या. पोस्टकार्डं घेता घेता म्हणाल्या, गोवराची लस आली आहे, नऊ महिन्यांच्या वरच्या मुलांना द्यायची, पण लोक दवाखान्यापर्यंत येत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही आमच्या इमारतीत या, मी मुलं गोळा करते. त्या तयार झाल्या, पण एक अट होती. लस म्हणजे बाटलीत भुकटी असते. त्यात पाणी घालून एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. एकदोन पोरांसाठी बाटली फोडायची नाही असं त्यांना वरून सांगितलं होतं. म्हणाल्या, “पाच पोरं द्या मला. चार असतील तर मी डबा उघडणार नाही, आधीच सांगते.”

नऊ महिने ते दोन वर्षांमधली मुलं आमच्याकडे परबांची स्नेहल धरून सात होती. मला वाटलं संध्याकाळभराचं काम. वही घेऊन निघाले, पण बाकीची सहा घरं फिरून एकही पक्कं नाव मिळालं नाही.

नाही असं कुणीच म्हणालं नाही, ती खरी पंचाईत. एकीचं म्हणणं पोलिओचे थेंब कसे तोंडातून जातात, सुईचं तसं नाही. दुसरीच्या सासूने सांगितलं की गोवर सगळ्यांनाच येतो, लहानपणी येऊन गेलेला बरा, कडुलिंबाचा पाला ठेवला की उतरतो. तिसरीचा नवरा म्हणाला नवीन औषध आहे, वर्षभर लोकांचं बघू. शिंद्यांची सून मंगल स्वतः बारावी शिकलेली, तिने सगळं नीट ऐकून घेतलं, लस कशी काम करते तेही विचारलं, आणि मग हळूच म्हणाली, “वहिनी, परबांनी पास केलंय का?”

म्हटलं ठीक आहे. तिसऱ्या मजल्यावर गेले.

परबांनी काम मनावर घेतलं. गाळ्यातून दोन सकाळची रजा काढून ते दवाखान्यात बाकावर जाऊन बसले. सिस्टर सुया उकळतात का, किती वेळ उकळतात, बर्फाच्या डब्यात बर्फ शिल्लक असतो का, की नुसतं पाणी, हे सगळं बघून आले. लसीची बाटली मागून घेऊन खिडकीशी उजेडात धरली. सिस्टरांनी ती त्यांना धरू दिली, यावरून त्या बाईची सहनशक्ती कळावी. सुईचं टोकसुद्धा त्यांनी कापसावर ओढून बघितलं, धागा अडकत नाही ना म्हणून. परत आले तेव्हा चेहरा पडलेला होता. एकही खोट सापडली नव्हती.

मी विचारलं, मग पास? ते म्हणाले, माल चांगला आहे, पण नवा माल आला की गिरणीत आधी एक तुकडा धुवून बघायची पद्धत होती. धुतल्यावर रंग जातो की राहतो ते बघून मग सगळ्याला शिक्का. तर आधी एखाद्याला टोचू दे, आठ-दहा दिवस बघू, मग बोलू.

म्हणजे असं झालं. सगळी इमारत परबांसाठी थांबली होती आणि परब इमारतीसाठी थांबले होते. कुणाचंच काही चुकत नव्हतं आणि वही कोरी होती.

तेवढ्यात समोरच्या इमारतीत गोवर आला. आधी एका मुलीचे डोळे लाल झाले, मग तिच्या भावाचे. आठवड्यात चार मुलं अंथरुणात, त्यातल्या एकाची छाती भरून त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. पुढे तो बरा झाला, पण ते चार दिवस आमच्या बायका गॅलरीत उभ्या राहून समोरच्या बंद खिडकीकडे बघत होत्या. मी पुन्हा वही घेऊन फिरले. या वेळी मंगल आणि आणखी तिघी हो म्हणाल्या. चार झाले. परबांना विचारलं. ते म्हणाले, येतो. मी बुधवार ठरवला, आणि सिस्टरांना घाणेरडा जिना दिसू नये म्हणून सकाळी भिंत पुसली.

सिस्टर दहाला आल्या. तळमजल्यावरच्या ऑफिसच्या खोलीत टेबल, त्यावर पांढरी चादर, बर्फाचा डबा. चार आया मुलं घेऊन आल्या. परब स्नेहलला घेऊन आले, आणि खोलीच्या आत न येता उंबऱ्याबाहेर उभे राहिले. सिस्टरांनी विचारलं, पहिला कोण? कुणी हललं नाही. परब मंगलला म्हणाले, “तुमचा बंटी पुढे होऊ दे. मी बघतो.”

मंगलचा आवाज चढला. “का म्हणून? माझा बंटी काय तुमचा धुवून बघायचा तुकडा आहे?”

मग सगळ्याच बोलायला लागल्या. आम्ही तुमच्या भरवशावर आलो, तुम्हीच मागे सरता, म्हणजे तुम्हाला काहीतरी माहीत आहे. परब पोरीला छातीशी धरून एक पायरी चढले, मग दुसरी, आणि तिसऱ्या मजल्यावर निघून गेले. ते गेल्यावर दोघी उठल्या. सिस्टरांनी घड्याळ बघितलं, पुढच्या बुधवारी एकदाच येईन म्हणाल्या, आणि न उघडलेला डबा उचलून गेल्या. मला पोस्टात तासभर उशीर झाला.

संध्याकाळी घरी आल्यावर चपला न काढता मी वर गेले. परब खिडकीशी होते. सुमनताई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. तुमच्यामुळे चार मुलं तशीच राहिली, समोरच्या पोराचं काय झालं ते दिसत नाही का, सगळ्या जगातल्या चुका काढता आणि आयत्या वेळी पळता, वगैरे. मला बोलायला लागलं की थांबता येत नाही. पोस्टात त्याचा उपयोग होतो.

परबांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्नेहलला दोन्ही हातांत उचलून खिडकीतल्या उन्हात धरलं. उलटं झबलं घातलेली ती पोरगी उन्हाला हात मारत हसायला लागली.

“बाई, बघा,” ते म्हणाले. रागावले किंवा हळवे झाले की ते मालवणीवर जातात. “नऊ म्हयने रोज सकाळी असा धरून बघतंय. एक डाग नाय, एक गाठ नाय. इतक्या वर्सांत असो तागो माझ्या हातातसून कधी गेलो नाय. आता मीच माझ्या हातान त्येका सुई मारू?”

मी म्हटलं, “आणि नाही मारली आणि गोवर आला तर?”

“तो देवान केल्लो. टोचून काय झाला तर ता मी केल्ला.”

माझ्या मुलाच्या वेळी डॉक्टरने ट्रिपलची लस सांगितली, मी नेऊन टोचून आणलं, ताप आला, उतरला. त्यावर एवढा विचार करायला मला सवड नव्हती. मी दाराकडे वळले. तेव्हा सुमनताई बोलल्या. तांदळातून हात न काढता बोलल्या.

“माका कोणी इचारल्यानच नाय.”

मी थांबले. खरंच, सहा घरं फिरले, परबांकडे तीनदा आले, पण सुमनताईंना विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

“माझो उजवो कान गोवरान गेलो,” त्या म्हणाल्या. “सा वर्सांची होतंय. आवशीन पालो घातल्यान, देवाक गाऱ्हाणा घातल्यान, अंगावरचा उतारला. मगे म्हयनोभर कानातसून पू येय होतो. तेच्यानंतर त्या बाजून कायच ऐकाक येणा नाय.”

त्या कमी का बोलतात, नुसत्या मान का हलवतात, हे शेजारी राहून पाच वर्षं मला कळलं नव्हतं. मी परबांकडे बघितलं. चेहऱ्यावरून कळलं, त्यांना कान गेलेला माहीत होता, तो गोवराने गेला हे माहीत नव्हतं. मला राहवलं नाही. विचारलं, “भिंतीतला केस दिसतो तुम्हाला. सतरा वर्षांत बायकोला एकदाही विचारलं नाहीत, कान कशाने गेला ते?”

परब गोंधळले. मी काहीतरी विचित्रच विचारल्यासारखे.

“त्यात इचारूचा काय?” ते म्हणाले. “मी डाव्या बाजूक बसतंय.”

मग मला एकेक दिसायला लागलं. बाजारातून येताना परब नेहमी बायकोच्या डाव्या हाताला. गणपतीच्या मंडपात सगळे पुरुष एकीकडे बसले तरी परब जाऊन बायकोच्या डावीकडे टेकलेले, त्यावरून झालेली चेष्टा. या माणसाने जगातल्या प्रत्येक वस्तूभोवती गोल काढला होता, आणि ही एक गोष्ट त्याला खोट वाटलीच नव्हती.

सुमनताईंनी ताट बाजूला ठेवलं. “माझ्या डाव्या बाजूक बसतास,” त्या म्हणाल्या. “पोरीचे दोनव कान गेले तर तिच्या कुठल्या बाजूक बसशात?”

मी चपला घातलेल्याच होत्या. खाली आले.

पुढच्या बुधवारी मी साडेनऊला ऑफिसची खोली उघडायला गेले तर परब पायरीवर बसलेले. मांडीवर स्नेहल, शेजारी सुमनताई, त्यांच्या उजव्या हाताला भिंत. इमारतीत बातमी माझ्याशिवाय पोचली होती. मंगल आली, मग बाकीच्या, पापडवाल्या सासूबाईसुद्धा खाली उतरल्या. सातच्या सात मुलं होती. सिस्टरांनी बाटली काढली आणि मुद्दाम परबांपुढे धरली, घ्या, उजेडात बघायची असेल ना. परबांनी नको म्हणून मान हलवली आणि बाही वर केली. आपलीच. मग चूक लक्षात येऊन पोरीची.

स्नेहल रडली, जेवढी रडायला हवी तेवढी. परबांनी डोळे मिटून घेतले होते. मंगल बंटीला घेऊन पुढे झाली आणि जाता जाता म्हणाली, “परबभाऊ, आता डोळे उघडा, माझ्याला बघायचंय ना तुम्हाला?” खोलीत सगळ्या हसल्या. परबही हसले, पण डोळे उघडायला त्यांना थोडा वेळ लागला. सातवं पोर होऊन बाटली संपली तेव्हा साडेदहा वाजले होते.

निघताना सिस्टरांनी सगळ्यांना सांगितलं, की या लसीचा ताप लगेच येत नाही. आला तर आठव्या दिवसाच्या आसपास येतो, अंगावर थोडं बारीक पुरळही दिसेल, दोन दिवसांत जातं, घाबरायचं नाही. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. परबांनी खिशातली पेन्सिल काढून हाताच्या तळव्यावर तारीख लिहून घेतली.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर येईनात. म्हणाले, गाळ्यातल्या रजा दवाखान्यात बसण्यात आणि या दोन बुधवारांत संपल्या होत्या, आता मालक सोडणार नव्हता. सुमन घरात एकटी असते. पोर निजलेली असते तेव्हा ही मोरीत असते, पाठ करून काम करते. रडली तरी हिला वेळेवर ऐकू येईलच असं नाही. एरवी चालतं, पण त्या दिवशी. एवढं बोलून ते चौकटीच्या लाकडाकडे बघत राहिले. तिथे एक खिळा वर आला आहे, मला माहीत आहे. त्यांना तो दिसला नाही.

“आठव्या दिवशी तुम्ही घराक असशात?”

मी म्हटलं, मार्च आहे, पोस्टात बचतपत्रांची गर्दी असते, रजा मिळणं कठीण, बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात गेल्या गेल्या, काउंटरची खिडकी उघडायच्या आधी, मी पुढच्या बुधवार-गुरुवारचा रजेचा अर्ज लिहून पोस्टमास्तरांच्या टेबलावर ठेवला. कारणाच्या जागी लिहिलं, घरी लहान मूल आहे.